जिथे पावसाळा थंडीत येतो

घोडबंदर रोडला आणि आता आमच्या खारघर-उलव्याकडेही बिल्डर लोकांना मेडिटरेनियनचं, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या घरांचं, वेड लागलंय. म्हणजे काय, तर पांढरीशुभ्र बिल्डिंग, निळ्या खिडक्या, सपाट गच्ची, गेटपाशी कुंडीत एक ऑलिव्हचं झाड (ते बिचारं आपल्या पावसात मुळं कुजून मरतं) आणि ब्रोशरवर टोप्या घालून समुद्राकडे बघत बसलेलं जोडपं. दिसतं छान, नाही असं नाही. पण ती पांढरी भिंत आणि छज्जा नसलेली ती खिडकी ज्या हवेसाठी बनली ती हवाच आपल्याकडे नाही ना! आमच्या नेरूळमधे अशीच एक बिल्डिंग आहे, पहिल्याच पावसाळ्यात तिच्यावर शेवाळाचे काळे ओघळ आले, मग टॉप फ्लोअरवाल्यांचं लीकेज सुरू झालं, मग सोसायटीने जनरल बॉडी घेऊन गच्चीवर निळ्या पत्र्याची शेड टाकली. आता त्या थीममधलं निळं तेवढंच उरलंय.

हे एवढं बोलायचं कारण म्हणजे माझी भाची. ती ग्रीसमधे कालामाताला शेतकीचं शिकते, ऑलिव्हवरच संशोधन चाललंय, आणि राहते तिथून पस्तीसेक किलोमीटरवर कार्दामिली नावाच्या गावात. ग्रीसच्या दक्षिणेला पेलोपोनीस म्हणून भाग आहे, त्याच्या पश्चिमेकडे तोंड करून असलेल्या किनाऱ्यावरचं हे गाव. एक मेन रस्ता, थोड्याफार टॅव्हर्ना (तिकडच्या खानावळी), गोट्यांचा किनारा, समोर मेरोपी नावाचं पिटुकलं बेट, आणि पाठीशी ताइगेटोस डोंगर, त्याचं शिखर २,४०० मीटरच्या वर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, त्यावरून अंदाज घ्या. मी तिच्याकडे एकदा जूनमधे राहून आले आणि नंतर दिवाळी आटोपून नोव्हेंबर-डिसेंबरात, आणि या दोन्ही वेळच्या बॅगांमधे एकही कपडा कॉमन नव्हता.

आणि हो, ती पांढरी-निळी घरं कार्दामिलीत नाहीतच. ती सायक्लेड्स बेटांवरची, एजियन समुद्रातली, जिथे पाऊस फार कमी, म्हणून सपाट गच्ची परवडते, उलट गच्चीवरचं पावसाचं पाणी खालच्या टाकीत उतरवून घ्यायचं हाच तिचा उपयोग. कार्दामिलीत दगडी घरं आणि उतरती लाल कौलं, कारण तिकडे पाऊस जास्त. कालामाताला वर्षाचा पाऊस आठशे मिलिमीटरच्या जरा आत आणि अथेन्सला त्याच्या निम्म्याच्या आसपास. कारण आपल्याला अगदी ओळखीचं. पश्चिमेकडून ढग येतात, डोंगर अडवतो, अलीकडे पडतो पाऊस आणि पलीकडे कोरडं. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर आणि फलटणला पाचशे-सहाशे, तोच हिशोब, फक्त छोट्या मापात.

पण मिलिमीटर राहू देत, कधी पडतो ते महत्त्वाचं. कालामाताला अख्ख्या जुलै महिन्यात चार-पाच मिलिमीटर पाऊस. आपल्याकडे जुलैत आठशेच्या वर पडतो, एवढा त्यांचा वर्षाचा. इकडून मला जूनमधे नवरा रोज व्हॉट्सअॅपवर हवामान खात्याचे नकाशे पाठवत होता, मान्सून वेंगुर्ल्यात आला, मान्सून अडला, मुंबईची नॉर्मल तारीख ११ जून आहे तोवर काय पोचत नाही वगैरे, आणि मी तिकडे आकाशात ढगाचा एक तुकडा शोधत बसलेय. नाहीच. सकाळी निळं, दुपारी पांढरट निळं, आणि संध्याकाळी पावणेनऊला, हो पावणेनऊला, सूर्य समोरच्या आखातापलीकडे जातो.

भाचीची घरमालकीण आजी, सत्तरी पार केलेली, सकाळी दहा वाजले की घराच्या सगळ्या लाकडी झडपा धाडधाड बंद करते. मला आधी कळेना, मी आपली नेरूळची सवय, हवा खेळू दे म्हणून उघडायला जायची, ती परत येऊन बंद करायची, भाषा एकमेकींची येत नाही, नुसते हातवारे. "अगं मावशी, ती म्हणतेय की गरम हवेला घरात का बोलावतेस," भाचीने शेवटी सांगितलं. आणि बरोबरच आहे तिचं. दगडाच्या दोन-दोन फुटी भिंती, रात्रीची थंड हवा कोंडून ठेवायची, फरशीवर बादलीभर पाणी मारायचं, की दुपारभर आत थंड. आपल्याकडे हे चालणारच नाही कारण आपल्याला त्रास नुसत्या तापमानाचा नाही, दमटपणाचा आहे, खिडकी बंद केली की पाच मिनिटांत जीव घुसमटतो. तिकडे दोरीवर टाकलेला टॉवेल तासाभरात खडखडीत. कणीक मळून जरा उघडी राहिली तर वर पापुद्रा धरायचा. आजीने पडवीत ओरेगानोच्या जुड्या उलट्या टांगलेल्या, त्या बघून मला सारखं वाटायचं की इथे कुरडया घातल्या तर एका उन्हात होतील.

तीन ते साडेपाच गाव चिडीचूप. वामकुक्षी आपल्याकडे जोक झालाय, तिकडे त्या वेळात ड्रिल मशीन लावलं तर शेजारी पोलिसात जातात. आणि हवाही त्याच घड्याळावर चालते. दुपारी समुद्रावरून वारा, रात्री डोंगराकडून, ते खारे वारे आणि मतलई वारे शाळेत भूगोलात पाठ केलेले ना, ते मी पहिल्यांदा अंगावर घेतले ते कार्दामिलीत. नवी मुंबईतही आहेत म्हणा, पण पाम बीच रोडच्या टॉवरांतून आणि ट्रॅफिकमधून ते कुठे कळतात. तिकडे गावामागे व्हिरोस नावाची खोल घळ आहे, ताइगेटोसवरून खाली येणारी, रात्री त्या बाजूने गार झुळूक यायची आणि जूनमधे मला गोधडी लागायची.

आता यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. हा उन्हाळा इतका कोरडा का? शाळेतलं उत्तर असं की उन्हाळ्यात जास्त दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकतो, हवा वरून खाली बसते, खाली बसताना तापते आणि कोरडी होते, मग ढग बनत नाहीत. बरोबर आहे, पण भूमध्य समुद्राच्या पूर्वेच्या बाजूला, म्हणजे ग्रीस-तुर्कस्तानकडे, ती हवा एवढी जोरात खाली का बसते त्याचं निम्मं कारण आपल्या डोक्यावर आहे. १९९६ साली मार्क रॉडवेल आणि ब्रायन हॉस्किन्स या दोन शास्त्रज्ञांनी हे मांडलं. मान्सूनमधे वाफेचं पाणी होताना जी उष्णता बाहेर पडते ती एवढी प्रचंड असते की वातावरणात तिची एक लाट उठून पश्चिमेकडे पसरते, तिकडे युरोपावरून येणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांशी तिची गाठ पडते, आणि पूर्व भूमध्य समुद्र, पूर्व सहारा या भागावर हवा खाली दाबली जाते. म्हणजे बघा, आपण सायन-पनवेलवर वायपर फुल्ल स्पीडला टाकून शिव्या घालत असतो आणि त्याच पावसाच्या जोरावर तिकडे लोक छत्र्या उन्हासाठी उघडून बीचवर पडलेले असतात! (आपल्या एकट्या नेरूळच्या पावसाने नाही हो, अख्ख्या दक्षिण आशियाच्या. पण वाटा आपलाही आहे.) एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमधे मेल्टेमी म्हणून उत्तरेचा सणसणीत वारा सुटतो, बोटी रद्द होतात, तोही यातलाच, वर बाल्कनकडे जास्त दाब आणि खाली तुर्कस्तानापर्यंत पसरलेला आपल्या मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा, या दोघांमधून तो वारा पळतो. कार्दामिली डोंगराच्या पश्चिमेला असल्याने तिथे मेल्टेमीचा तडाखा तेवढा बसत नाही.

मी हे नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला मग त्यांच्याकडून पाणीपट्टी घ्यायला पाहिजे.

आता थंडीतलं ऐका. कार्दामिली म्हटल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ऊन येतं, पण नोव्हेंबर-डिसेंबर हे तिथले सगळ्यात जास्त पावसाचे महिने. उन्हाळा संपला की तो जास्त दाबाचा पट्टा दक्षिणेला निघून जातो आणि अटलांटिककडून, नाहीतर भूमध्य समुद्रातच तयार झालेली वादळं एकामागून एक यायला लागतात. समुद्र अजून कोमट असतो, वरून थंड हवा येते, मग जो गडगडाट होतो. आपल्यासारखी आठ-आठ दिवस रिपरिप नसते. रात्रभर झोडपतो, सकाळी लख्ख ऊन, ताइगेटोसच्या माथ्यावर नवा बर्फ, आणि खाली संत्र्यांची झाडं लगडलेली. फोटो भारी येतात. पण घरात? घरात मी दोन स्वेटर घालून बसलेले. त्याच दगडी भिंती, ज्या जूनमधे एवढ्या प्रेमळ वाटत होत्या, त्या डिसेंबरात अंगावर येतात, बाहेर बारा डिग्री आणि आत त्याहून थंड वाटायचं, फरशी तर नकोच, कपडे तीन दिवस दोरीवर, आणि भिंतीच्या कोपऱ्यात बुरशी. अख्ख्या घराला ऊब म्हणजे लाकडाची एक लोखंडी शेगडी, तिच्यात घालायची ती पण ऑलिव्हचीच लाकडं. पाऊस आला की आपल्याला भजी सुचतात, भिजावंसं वाटतं, पोरं खाली धावतात. तिकडे पावसात कोणी हौसेने भिजत नाही.

आणि हिरवळ उलटी. आपले पारसिकचे, खारघरचे डोंगर जूनमधे हिरवे होतात, पांडवकड्याच्या धबधब्याला गर्दी होते, आणि जानेवारीत सगळं पिवळं. तिकडे उन्हाळ्यात डोंगर करपलेला, गवताला काडी लावायची खोटी, आणि पहिला पाऊस पडला की जमिनीतून सायक्लेमेनची गुलाबी फुलं पानांच्या आधी वर येतात. जानेवारीत सगळं हिरवंगार. म्हणजे झाडांना जेव्हा ऊन मिळतं तेव्हा पाणी नाही आणि पाणी मिळतं तेव्हा ऊन नाही. असल्या हवेत टिकायचं म्हणजे ऑलिव्हसारखंच पाहिजे, छोटं जाड पान, खालून रुपेरी, पाणी उडू नये म्हणून.

ऑलिव्हची तोडणी मी जवळून बघितली. झाडाखाली जाळी अंथरायची, मग हातात एक लांब दांडा, त्याच्या टोकाला बॅटरीवर थरथरणारी बोटं, ती फांद्यांमधून फिरवली की फळं टपटप खाली. माझी ड्यूटी जाळी गोळा करून पानं-काड्या वेचायची, कमरेचा काटा ढिला झाला. सगळ्यांचा एक डोळा कामावर आणि एक डोळा समुद्राकडे, कारण ढग तिकडूनच येतात. पाऊस आला की तोडणी बंद, आणि ओली फळं पोत्यात पडून राहिली की आतून गरम होतात, तेलाचा दर्जा गेला, म्हणून संध्याकाळीच मिलला न्यायची घाई. गिरणीत नळातून जे तेल पडतं ते पोपटी हिरवं, गढूळ, आणि घशाला असं चरचरतं की ठसका लागतो, तो ठसकाच चांगल्या तेलाची खूण म्हणतात. मी नेलेल्या पिठाची तांदळाची भाकरी केली होती, तिच्यावर ते तेल आणि मीठ. आजीने तीन खाल्ल्या.

आजीचं सगळं हवामानशास्त्र एका माशीभोवती फिरतं. ऑलिव्हची फळमाशी, दाकोस म्हणतात तिला. ही माशी फळात अंडी घालते, अळी आतून पोखरते. तिला सौम्य, जरा दमट हवा मानवते आणि पस्तीस-चाळीस डिग्रीचा कोरडा उन्हाळा मानवत नाही. म्हणून तिकडे ऑगस्टमधे टुरिस्ट "काय ऊन आहे" म्हणून कावलेले असतात तेव्हा बागवाले खूश असतात. आपल्याकडे कडक ऊन पडलं की आंबेवाला जसा बोलतो ना, तस्साच सूर.

मधेच एक सांगायचं राहिलं, भरती-ओहोटी. कार्दामिलीच्या धक्क्यावर होड्या जेमतेम दोन हात दोरी देऊन बांधलेल्या असतात आणि दिवसभर तशाच. पाणी वीत-दीड वीत वरखाली होतं, बास. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद ठिकाणी चौदा किलोमीटर, एवढ्या दरवाजातून अटलांटिकची भरती आत येणार तरी किती. आमच्या इकडे बेलापूरला दिवाळे कोळीवाड्यात बघा, उधाणाला पाणी पार वर चढतं आणि ओहोटीला होड्या चिखलात कलंडून पडलेल्या. तिथल्या एका ओळखीच्या मावशींना मी व्हिडिओ दाखवला तर त्या म्हणाल्या, "हा कसला दर्या गो, हा तर तलाव!" उधाण नाही, भांग (भरतीचा जोर उतरतो ते दिवस) नाही, मासे कधी धरायचे हे ठरवायचं तरी कशावरून, असा त्यांचा खरा प्रश्न होता. तिकडे ते वाऱ्यावरून ठरवतात. दक्षिणेचा वारा सुटला की मच्छीमार गप घरी. आणि तोच वारा वसंतात सहारातली धूळ घेऊन येतो, त्यात पाऊस पडला की गाड्यांवर तांबडा चिखल. २०२४ च्या एप्रिलमधे अथेन्सचं आकाश नारंगी झालेलं ते त्यामुळेच.

बरं, आपण त्यांना कोरडा उन्हाळा देतो तर ते आपल्याला काय देतात? देतात की! आपल्या बातम्यांत थंडीत जो पश्चिमी विक्षोभ येतो, वेस्टर्न डिस्टर्बन्स, त्यातले बरेच भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले असतात (काही कॅस्पियनकडून). वरच्या जेट स्ट्रीमवर, म्हणजे खूप उंचावरच्या वेगवान वाऱ्यावर, बसून इराण, अफगाणिस्तान करत काही दिवसांत ते आपल्याकडे. काश्मीरचा बर्फ, पंजाबच्या गव्हाला लागणारा पाऊस, सगळा त्यांचा. आणि ते पुढे सरकले की उत्तरेचा वारा खाली येतो, मग नवी मुंबईत आपण दोन दिवस शाली काढतो आणि सगळे व्हॉट्सअॅप ग्रुपवर तापमानाचे स्क्रीनशॉट टाकतात. पण कधीकधी तेच गारपिटीला कारण होतात, बंगालच्या उपसागरातून आलेल्या बाष्पाशी गाठ पडली की संपलं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधे मराठवाडा-विदर्भात जी गारपीट झाली, हाताशी आलेला गहू-हरभरा आणि द्राक्षं गेली, ती विसरणं शक्य नाही.

आता तिकडेही सगळं बिघडत चाललंय. नुसतं "छान हवा" म्हणून जे ब्रोशर छापतात त्यांना हे कोणी सांगत नाही. सिसिलीत ११ ऑगस्ट २०२१ ला ४८.८ डिग्री नोंदलं गेलं, युरोपातला विक्रम, त्याआधीचा विक्रम ग्रीसचाच होता, १९७७ चा, ४८. जुलै २०२३ मधे अथेन्सचा अॅक्रोपोलिस (टेकडीवरची ती प्राचीन देवळं) दुपारचा बंद ठेवायची पाळी आली. वणवे तर दरवर्षी, २०१८ मधे अथेन्सजवळच्या माती या किनाऱ्यावरच्या गावात शंभरावर माणसं गेली, समुद्र हाकेच्या अंतरावर असताना. कोरडा उन्हाळा म्हणजे फक्त पटकन वाळणारे टॉवेल नाहीत.

आणि पाऊस. सप्टेंबर २०२३ मधे डॅनियल वादळ ग्रीसच्या मधोमध अडकलं, झागोरा नावाच्या डोंगरातल्या गावात एका दिवसात ७५४ मिलिमीटर. आपल्या २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ होता, म्हणजे आपण मुंबई-ठाणे-नवी मुंबईकर ज्या दिवसाची गोष्ट अजून पोरांना सांगतो त्याच्या जवळपासचा पाऊस अशा देशात, जिथे बऱ्याच ठिकाणी अख्ख्या वर्षाला एवढा पडत नाही. मग तेच वादळ गरम समुद्रावरून दक्षिणेला लिबियात गेलं, देर्ना शहराच्या वरची दोन धरणं फुटली आणि हजारो माणसं एका रात्रीत गेली. भाची सांगत होती की तिकडे उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या नदीच्या पात्रांत लोक बिनधास्त गाड्या पार्क करतात, काही ठिकाणी बांधकामं पण केलीत, कारण वर्षानुवर्षं तिथे पाणीच दिसत नाही. नाल्यावर बांधकाम करायची अक्कल आपल्याला कोणाकडून शिकायची गरज नाही, पण निदान दर जूनमधे आपला नाला आठवण तरी करून देतो. २०२० मधे जूनच्या ३ तारखेला आपल्या अलिबागजवळ निसर्ग चक्रीवादळ आलं ना, त्याच वर्षी सप्टेंबरात ग्रीसच्या पश्चिमेच्या बेटांवर इयानोस आलं, भूमध्य समुद्रातलं छोटं चक्रीवादळच, मधे डोळ्यासकट. आजी म्हणे की तिच्या लहानपणी असलं काही ऐकलं नव्हतं, आणि आमच्या सासूबाई निसर्गच्या वेळी अगदी हेच म्हणाल्या होत्या.

तर मैत्रिणी विचारतात, जायचं असेल तर कधी जाऊ. माझं उत्तर ऑक्टोबर. इकडे ऑक्टोबर हीटने जीव नकोसा होतो तेव्हा तिकडे ऊन मवाळ झालेलं, समुद्र उन्हाळाभर तापून अजून पोहण्यासारखा, पहिला पाऊस पडून गेलेला, आणि गर्दी ओसरलेली. फक्त महिनाअखेरीच्या आत उरका, नंतर टॅव्हर्ना आणि हॉटेलं धडाधड बंद होतात आणि कालामाताला येणारी बरीचशी विमानंही, मग अथेन्सवरून बसने या. थंडीत जाणार असाल तर जाड मोजे घ्या, बाहेर नाही, घरात घालायला. आणि भाचीची फर्माईश आहे की कोणी जाणार असेल तर तिच्यासाठी कुरडया पाठवा, तळलेल्या नकोत, कच्च्या.